माशाच्या कण्याखालची लाल पट्टी

रोहू किंवा कटला घरी साफ केला असेल, तर ही गोष्ट तुम्ही नक्की पाहिलेली आहे. पोट चिरून आतडी काढली, पित्त न फोडता काळीज (म्हणजे यकृत) बाजूला केलं, पांढरा हवेचा फुगा ओढून काढला, की आत कण्याला चिकटलेली एक काळपट लाल पट्टी उरते. डोक्याच्या मागून सुरू होते आणि शेपटीकडे जाते. साकळलेल्या रक्तासारखी दिसते, आणि बहुतेक जण तिला रक्तच समजतात. आमच्या घरी आई तिच्यावरचा पातळ पडदा सुरीच्या टोकाने चिरायची आणि मासा नळाखाली धरून अंगठ्याच्या नखाने ती खरवडून टाकायची. राहिली तर कालवण कडवट लागतं, एवढंच तिचं म्हणणं.

ती पट्टी म्हणजे माशाचं मूत्रपिंड. तिचा अगदी पुढचा, डोक्यामागे दडलेला जाडसर भाग मात्र नावापुरताच मूत्रपिंड आहे. मासा मोठा झाला की तो भाग लघवी तयार करण्याचं काम जवळपास सोडून देतो. तिथे रक्त तयार होतं, आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. आपल्या शरीरात हे काम हाडांतली मज्जा करते. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारी मज्जा नसते, म्हणून तो सगळा भार या लाल पट्टीच्या टोकावर येतो. शास्त्रज्ञ त्याला 'हेड किडनी' म्हणतात. आपण 'डोक्याकडचं मूत्रपिंड' म्हणू.

नदीत सोडलेल्या घाणीमुळे या भागात काय घडतं, ते मला सांगायचं आहे. आपल्याकडे नदीचं प्रदूषण आणि मासे हा विषय निघतो तो एकाच प्रसंगी. पंचगंगेत नाहीतर इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच पडतो, पेपरात फोटो येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि चार दिवसांत सगळं शांत होतं. हे मासे बहुतेक वेळा गुदमरून मेलेले असतात. साखर कारखान्याची मळी किंवा शहराचं सांडपाणी एकदम पाण्यात आलं, की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. हे मरण सगळ्यांना दिसतं.

दुसरं एक मरण कुणाला दिसत नाही. पाण्यातलं विष इतकं कमी असतं की मासा पोहतो, खातो, वाढतोसुद्धा. फक्त त्याच्या अंगातले पहारेकरी हळूहळू निकामी होत जातात. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा मामुली जंतू शिरतो आणि मासा मरतो. तपासणीत जंतू सापडतो, कागदावर 'जिवाणूजन्य रोग' असं लिहिलं जातं, आणि ज्या पाण्याने त्या जंतूला दार उघडून दिलं ते पाणी नामानिराळं राहतं. मला या दुसऱ्या मरणाची जास्त काळजी वाटते, कारण त्याची कुठे नोंदच होत नाही.

पाण्यातला पहारा

मासा राहतो तिथल्या चमचाभर पाण्यात लाखांनी जिवाणू असतात. त्याच्या अंगावर आपल्यासारखी कोरडी, जाड कातडी नाही. श्वास घ्यायचा तर कल्ले पाण्यासमोर उघडे ठेवावेच लागतात. कल्ल्यांच्या बारीक पाकळ्यांमध्ये रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामधला पडदा जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा असतो; आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. इतका पातळ असल्याशिवाय ऑक्सिजन आत येणार नाही, आणि इतका पातळ असल्यामुळे विषालाही आत यायला फार अडचण पडत नाही.

पहिला पहारा बुळबुळीचा. मासा हातातून निसटतो तो या चिकट थरामुळे. त्यात लायसोझाइम असतं, जे जिवाणूचं कवच विरघळवतं. हाच पदार्थ आपल्या अश्रूंतही आहे. त्यात अँटिबॉडीही असतात, म्हणजे जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं. शिवाय हा थर सतत गळत आणि नव्याने तयार होत राहतो, त्यामुळे चिकटलेले जंतू त्याच्याबरोबर वाहून जातात.

तो ओलांडून जंतू आत आला की पेशींचं काम सुरू होतं. यात मुख्य आहेत त्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. जंतू कुठे आहे याचा रासायनिक माग काढायचा, तिकडे सरकायचं, त्याला गिळायचं आणि आत नेऊन जाळायचं, असं त्यांचं काम चार टप्प्यांत चालतं. 'जाळायचं' हा शब्द मी उगाच वापरत नाही. गिळलेल्या जंतूभोवती ही पेशी भराभर ऑक्सिजन ओढून घेते आणि त्याचं अतिशय तापट रूप तयार करून जंतूवर सोडते. त्यांच्या जोडीला न्यूट्रोफिल असतात, जे आणीबाणीत आधी धावतात. आणि लिंफोसाइट असतात, जे जंतू ओळखून ठेवतात आणि अँटिबॉडी बनवतात. लिंफोसाइटमधल्या टी-पेशी थायमस या ग्रंथीत तयार होतात. माशात ही ग्रंथी कल्ल्यांच्या झाकणाखाली, वरच्या कोपऱ्यात, पातळ आवरणाच्या आत असते. इतका नाजूक अवयव पाण्याच्या इतका जवळ!

माशाचं रक्त थंड, म्हणजे पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. थंड पाण्यात अँटिबॉडी तयार व्हायला त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर किल्ला लढवायचा तो भक्षक पेशींनी. माशांच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीसुद्धा जंतू गिळतात, हे २००६ मध्ये रेनबो ट्राउट माशात दिसून आलं. म्हणजे गिळून मारणं ही माशाच्या संरक्षणाची मुख्य रीत. प्रदूषणाने या गिळणाऱ्या पेशींनाच हात लावला, तर माशाजवळ फारसं काही उरत नाही.

एलिझाबेथ नदीतला चिखल

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात एलिझाबेथ नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठी जहाजांच्या गोद्या, आणि लाकूड कुजू नये म्हणून ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवणारे कारखाने होते. वर्षानुवर्षं ते तेल नदीच्या तळाच्या चिखलात मुरलं. त्यातल्या विषारी घटकांच्या गटाला 'पीएएच' म्हणतात. डिझेलचा धूर, जळकं इंजिन ऑइल, डांबर, कोळशाची काजळी या सगळ्यांत तो गट असतो. गॅरेजमधलं काळं ऑइल गटारात जातं, रस्त्यावर वर्षभर सांडलेलं तेल पहिल्या पावसात नाल्यात उतरतं, तेव्हा आपल्याकडच्या नद्यांनाही हाच खुराक मिळतो.

१९८० च्या दशकात व्हर्जिनियाच्या सागरी विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या नदीतले दोन जातींचे मासे पकडले. त्यातला एक आपल्या लेपीच्या जातकुळीतला, चिखलाला चिकटून राहणारा चपटा मासा होता. त्यांच्या डोक्याकडच्या मूत्रपिंडातल्या भक्षक पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर जंतू ठेवले. स्वच्छ नदीतल्या माशांच्या पेशी जंतूंकडे सरकत होत्या, त्यांना गिळत होत्या. एलिझाबेथमधल्या माशांच्या पेशी हे दोन्ही पुष्कळच कमी करत होत्या. मासे मात्र जिवंत होते, जाळ्यात सापडत होते.

संशोधकांनी मग असे मासे काही आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवले. पेशी पुन्हा कामाला लागल्या! प्रदूषण थांबवून काय उपयोग, व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

हे तेल पेशीला नक्की काय करतं? पीएएचचे रेणू तेलकट असतात आणि पेशीचं आवरणही तेलकट, त्यामुळे ते सहज आत शिरतात. आत त्यांना एक प्रथिन भेटतं, ज्याला एएच-रिसेप्टर म्हणतात. याला पेशीचा विष ओळखणारा चौकीदार समजा. विष हाताला लागलं की तो थेट केंद्रकात जातो आणि विष फोडणारी यंत्रणा चालू करायला सांगतो. इथपर्यंत सगळं चांगलं. पण पीएएच गटातलं बेन्झो-ए-पायरीनसारखं विष फोडताना मधल्याच टप्प्यावर असा तुकडा तयार होतो की तो मूळ विषापेक्षा घातक असतो आणि डीएनएला जाऊन चिकटतो. दुसरं म्हणजे, हा चौकीदार लढणाऱ्या पेशींच्या नेहमीच्या कारभारातही लक्ष घालत असतो: कुठली पेशी वाढवायची, कुठली आवरायची. विष सतत येत राहिलं की तो त्याच गडबडीत अडकतो आणि बाकीचा कारभार बिघडतो. डायॉक्सिन (कचरा जळताना तयार होणारं विष) आणि काही पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं) हीच वाट वापरतात.

आठवण राहत नाही

गिळणाऱ्या पेशी सावरतात हे पाहिलं. पण लिंफोसाइटकडे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे आठवण. लस काम करते ती या आठवणीवर. पहिल्या वेळी जंतू दिसला की शरीर चाचपडतं. दुसऱ्या वेळी तोच दिसला की जोरात आणि लवकर तुटून पडतं.

सिएटल शहरातून डुवामिश नावाची नदी वाहते. तिचा खालचा भाग सरळ करून, खोल करून त्याचा औद्योगिक कालवा केलेला आहे. अमेरिकन सरकारने २००१ मध्ये तो देशातल्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत घातला. या पाण्यातून दर वर्षी चिनूक सामन माशांची पिल्लं समुद्राकडे जातात. जाताना ती खाडीच्या तोंडाशी काही काळ मुक्काम करतात, खाऊन अंग धरतात, खाऱ्या पाण्याची सवय करतात. आयुष्यातले हेच दिवस त्यांना पीएएच आणि पीसीबी मिसळलेल्या गाळात काढावे लागतात.

अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागातल्या मेरी आर्कूश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिल्लांची आठवण तपासली. त्यांच्या पेशींना एक अनोळखी पदार्थ दाखवला आणि नंतर तोच पुन्हा दाखवला. स्वच्छ ठिकाणच्या पिल्लांमध्ये दुसऱ्या वेळचं उत्तर पहिल्यापेक्षा खूप मोठं होतं, जसं असायला हवं. शहरातल्या खाडीतून आलेल्या पिल्लांमध्ये ती उसळी आलीच नाही. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. यावर सरळ शंका अशी की प्रयोगशाळेतल्या पेशींचं सोडा, मासा खरोखर जास्त मरतो का? त्याचं उत्तर १९९८ च्या अभ्यासात आलं. डुवामिशमधली पिल्लं आणि तुलनेसाठी स्वच्छ खाडीतली आणि हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) पिल्लं आणून ती आधी स्वच्छ पाण्यात ठेवली. मग सगळ्यांना व्हिब्रिओ हा समुद्रातला नेहमीचा जिवाणू दिला. डुवामिशची पिल्लं जास्त मेली.

आता ही दोन टोकं जोडून पाहा. कालव्यातल्या पाण्यात ही पिल्लं मरत नाहीत. ती समुद्रात जातात आणि तिथे, शहरापासून लांब, कुणाच्या नजरेत न येता एखाद्या जंतूला बळी पडतात. त्या मेलेल्या पिल्लांचा हिशोब डुवामिशच्या खात्यावर कोण लावणार?

आर्सेनिक, कॅडमियम आणि बाकीची मंडळी

आपल्या देशातलं या विषयावरचं एक लक्षात ठेवण्याजोगं काम शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठात झालं. बंगालमध्ये भूजलातलं आर्सेनिक हा माणसांच्या आरोग्याचा मोठा प्रश्न आहे. तिथल्या संशोधकांनी देशी मागूर घेतला. (बंदी असलेला आफ्रिकन मांगूर वेगळा, हा आपल्या डबक्यांतला, मिशाळ, हवेतूनही श्वास घेणारा मासा.) मागूर इतका चिवट की चिखलातही तग धरतो. मासा मरणार नाही इतक्याच आर्सेनिकमध्ये त्याला ठेवलं आणि डोक्याकडचं मूत्रपिंड तपासलं, तर भक्षक पेशींनी गिळणं कमी केलं होतं आणि पुष्कळ पेशी आत्मघाताच्या वाटेला लागल्या होत्या. पेशीला आतूनच 'आता आवर' असा हुकूम सुटतो आणि ती शिस्तीत स्वतःला मोडीत काढते, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. आर्सेनिकने तो हुकूम खोटाच सोडला होता. मागूर वरून धडधाकट, आतला पहारा रिकामा.

कॅडमियमची रीत वेगळी. ते कॅल्शियमचं सोंग घेतं. माशाला पाण्यातून कॅल्शियम ओढून घ्यावं लागतं, त्यासाठी कल्ल्यांत खास वाटा असतात. कॅडमियम त्याच वाटेने आत येतं आणि जाऊन साठतं ते मूत्रपिंडात आणि काळजात. पारा प्रथिनांतल्या गंधकाला धरून बसतो आणि त्यांचा आकार बिघडवतो.

कीटकनाशकांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची औषधं किडीच्या मज्जातंतूंवर काम करतात, म्हणून ती फक्त मेंदूला विषारी, असं आपण धरून चालतो. पण ज्या रासायनिक निरोपाला ती अडवतात तो ॲसिटिलकोलीनचा निरोप लढणाऱ्या पेशीही एकमेकींना देत-घेत असतात. उजनीत जिला चिलापी म्हणतात त्या तिलापियावर डायाझिनॉन या कीटकनाशकाचे प्रयोग झाले, त्यात ही बोलणी बिघडलेली दिसली. जहाजांच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन असायचं. त्याने चपट्या माशांचा थायमस आक्रसतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात आणि गाळात ही कथिलाची संयुगं सापडली आहेत. जगभर असा रंग बंद करणारा करार २००८ पासून लागू आहे, पण गाळात गेलेलं सहजी जात नाही.

प्लास्टिकचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. न्यूट्रोफिलजवळ शेवटचं एक हत्यार असतं: स्वतःचा डीएनए बाहेर फेकून ती त्याचं जाळं करते आणि जंतूंना त्यात अडकवते, अगदी कोळी जाळं फेकतो तशी. २०१६ मध्ये फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या न्यूट्रोफिलसमोर पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण ठेवले, तर त्यांनी त्या कणांवर जाळी टाकायला सुरुवात केली. प्लास्टिक काही मरत नाही. पेशीचं हत्यार मात्र वापरून संपतं.

म्हणून 'प्रदूषणाने प्रतिकारशक्ती कमी होते' हे वाक्य अर्धंच खरं आहे. कित्येकदा थोडं विष आधी या पेशींना चेव आणतं. मोजमाप केलं तर आकडे वाढलेले दिसतात आणि मासा जास्त सशक्त झाला असं वाटतं. ही तरतरी खोटी. सतत पेटलेली पेशी स्वतःच्याच अंगाला चटके देते, आणि खरा जंतू येईतो थकून गेलेली असते.

आणि या सगळ्यावर ताणाचा भार. घाण पाणी, कमी ऑक्सिजन, अमोनिया यांनी मासा हैराण झाला की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. आपल्याकडे कॉर्टिसॉल तयार करणारी ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर वेगळी बसलेली असते. माशात तशी वेगळी ग्रंथी नाही. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या पेशी डोक्याकडच्या मूत्रपिंडातच, लढणाऱ्या पेशींच्या शेजारी असतात. कॉर्टिसॉल फार काळ वाढलेलं राहिलं की ते लिंफोसाइटना दडपतं. घाबरवणारा आणि पहारा देणारा एकाच खोलीत राहतात, असं समजा.

पिवळ्याचा निळा

या पेशी कामावर आहेत की नाहीत हे ओळखायची एक जुनी, स्वस्त आणि सुंदर परीक्षा आहे. एनबीटी नावाचा फिकट पिवळा रंग असतो. माशाच्या रक्ताचा किंवा मूत्रपिंडातल्या पेशींचा थेंब त्यात मिसळायचा आणि काही वेळ थांबायचं. पेशी जंतू जाळण्यासाठी जो तापट ऑक्सिजन तयार करते, त्याने हा पिवळा रंग गडद निळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिकट, गोलसर पेशीच्या पोटात निळ्या शाईचे दाणे पडल्यासारखे दिसतात. ज्या माशाच्या पेशी दमल्या आहेत, त्याच्या काचेवर निळं कमी, फिकं जास्त. हे करायला कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. प्राणिशास्त्राचा विभाग असलेल्या कुठल्याही कॉलेजात होऊ शकतं.

दुसरा पुरावा प्लीहेत आणि मूत्रपिंडात कायमचा लिहिलेला असतो. भक्षक पेशी मेलेल्या पेशींचा कचरा, जुन्या रक्तातलं लोह, न पचलेली चरबी हे सगळं गिळून एका जागी गोळा होतात. पातळ काप करून पाहिला तर तपकिरी-काळे ठिपके दिसतात. त्यांना मेलॅनोमॅक्रोफेज केंद्रं म्हणतात. दूषित पाण्यातल्या माशांत ती संख्येने आणि आकाराने वाढलेली आढळतात. फक्त एक सांभाळावं लागतं: म्हाताऱ्या माशात आणि उपाशी माशातही ती वाढतात. तापमानाने, ऋतूने, अंडी धरण्याच्या काळानेही या सगळ्या मोजमापांत फरक पडतो. म्हणून तुलना करायची ती एकाच जातीच्या, एकाच वजनाच्या, एकाच आठवड्यात धरलेल्या माशांची. एक शहराच्या वरच्या अंगाचा, एक खालच्या अंगाचा.

चार दिवसांची परीक्षा

आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी एक जैविक परीक्षा दिलेली आहे. सांडपाण्यात मासे ठेवायचे. ९६ तासांनी त्यातले ९० टक्के जिवंत असले की पाणी पास. परीक्षा असणं चांगलंच आहे, आणि नुसत्या रसायनांच्या यादीपेक्षा ती शहाणी आहे, कारण यादीत नसलेलं विषही मासा ओळखतो. पण वर सांगितलेलं सगळं आठवा. एलिझाबेथमधला मासा या परीक्षेत पास होईल. डुवामिशचं पिल्लू पास होईल. आर्सेनिकमधला मागूर तर हमखास पास होईल. चार दिवस जगणं आणि नदीत, जंतूंच्या गर्दीत, हिवाळा काढून जगणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ९६ तासांच्या शेवटी उरलेल्या माशांची एनबीटी परीक्षा करायला फार खर्च येणार नाही. ती का करू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तळ्यात किंवा धरणातल्या पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांना याचा फटका वेगळ्या तऱ्हेने बसतो. अंगावर लाल व्रण, झडलेले पर, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले हे बहुधा एरोमोनासचं काम. हा जिवाणू गोड्या पाण्यात बारमाही असतो. तो आज माशाला का भारी पडला, हा खरा प्रश्न. पण घाईत कुणी तो विचारत नाही, दुकानातून अँटिबायोटिक येतं. यातली दुखरी बाब अशी की ऑक्सिटेट्रासायक्लिन हे माशांना बरंच दिलं जाणारं औषध स्वतःच लिंफोसाइटना दडपतं. १९८० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये कार्प माशांवर हे दाखवून दिलं गेलं. जंतू मरतो आणि पहाराही ढिला पडतो. औषधाआधी पाणी तपासा, अमोनिया आणि ऑक्सिजन मोजा, वरच्या शेतात नुकतीच फवारणी झाली का ते विचारा.

मग असा मासा खायचा की नाही, हे हमखास विचारलं जातं. व्रण असलेला, कल्ले फिकट पडलेला मासा घेऊ नका. एरोमोनास नीट शिजवल्यावर मरतो. धातू शिजवून जात नाहीत. कॅडमियम मांसापेक्षा मूत्रपिंडात आणि काळजात जास्त साठतं, त्यामुळे आई ती लाल पट्टी खरवडून टाकायची ते चवीपलीकडेही बरोबरच होतं. पारा मात्र मांसातच बसतो, तो खरवडून निघत नाही.

तुमच्या नदीत, तळ्यात व्रण पडलेले मासे वारंवार सापडत असतील तर तारीख, जागा, माशाची जात आणि शंभरात किती मासे तसे आहेत हे लिहून ठेवा. भोई आणि कोळी मंडळींना हे कुणाहीपेक्षा आधी दिसतं. त्यांच्याकडून ऐकून लिहिलंत तरी चालेल. जवळच्या मत्स्य किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाला कळवा. मासा द्यायचा तर जिवंत, पाण्यातून द्या. ते जमत नसेल तर नुकताच मेलेला घ्या, पिशवीत घालून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. उशीर होणार असेल तर पोट चिरून प्लीहा आणि ती लाल पट्टी दहा टक्के फॉर्मलीनमध्ये बुडवा. फॉर्मलीन विषारी असतं, तेव्हा ते एखाद्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातूनच करून घ्या. घरच्या फ्रीझरमध्ये मात्र मासा ठेवू नका. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात, त्यांनी पेशी फुटतात, आणि काचेवर पाहण्यासारखं काही उरत नाही.